पाहुणीच्या गळ्यातली घंटा

९ जानेवारी

प्रिय टिटवे,

फुकट मिळालेल्या शेळीची खरी किंमत तुला सांगून ठेवतो, म्हणजे तू कधी या फंदात पडणार नाहीस. कातड्याचे चार पट्टे. कोबीचा अख्खा वाफा. तुझ्या मामीने भरतकाम केलेल्या अभ्र्याचा एक कोपरा. फाटकाची वरची बिजागरी. माझी दुपारची झोप. आणि शेजारच्या खाटकाशी असलेली इतक्या वर्षांची मैत्री, कारण तो आता माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतच नाही. कुंपणापलीकडून तिच्या मांड्यांकडे बघत बोलतो.

झालं असं. थंडी कडाक्याची. जनावरांच्या गळ्यात घंटा बांधायचे पट्टे मी मिठाच्या पाण्यातून काढून कुंपणावर वाळत घातले होते. सकाळी दार उघडलं तर धुक्यात कोणीतरी उभं. मला वाटलं गिऱ्हाईक. खूप दिवसांनी आलं म्हणून मी आत जाऊन चांगला सदरा घालून आलो. बाहेर येऊन बघतो तर रानशेळी. डोंगरावरून उतरलेली, मागच्या एका पायाने लंगडणारी, शिंगं अशी मागे वळलेली, आणि माझा पट्टा चाटत होती. शांतपणे. जणू ऑर्डर देऊन गेली होती आणि माल तयार झालाय का बघायला आली होती.

मी हललो नाही. तीही हलली नाही. पट्टा संपला तेव्हा ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी तिला पाहुणी म्हणतो. खाटीक तिला वेगळं म्हणतो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तो रोज विचारतो, "आज?" मी म्हणतो, "आज नको." तो म्हणतो, "मग उद्या."

आता माझं ऐक. पाऊस यायच्या आत ही शेळी माझ्या हाकेला येते की नाही बघ. तुम्ही शिकलेली माणसं म्हणता की रानातलं जनावर माणसाळवायला आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षं लागली. त्यांना धंदा कळत नसणार. मी दुसऱ्याच्या भट्टीचा भाता ओढत मोठा झालो आणि तीच भट्टी पुढे माझ्या नावावर केली, मला नको सांगूस. तू जुनी हाडं उकरतेस त्या खड्ड्यात चौकशी करून कळव, पहिल्या माणसाने हे नेमकं कसं केलं. म्हणजे त्याच्या चुका मी टाळीन.

तुझ्या घरातली ती रिकामी खोली, तिच्याबद्दल वाचलं. उत्तर तेच, येत नाही. डोंगरावर कळप आहेत तोवर खाली घंटा करणारा लागतो. मान्य आहे, कळप कमी झालेत. आता गुरं शेडमध्ये उभी असतात, कानात नंबर टोचलेला, हरवणारच नाहीत तर घंटा कशाला? पण जे आहेत त्यांना माझ्यासारखे कान कुठून मिळणार? डोंगरापलीकडून कळप चालला तर कोणाचा आहे आणि त्यातल्या कोणाचा पट्टा सैल झालाय, हे मी इथे खुर्चीत बसून सांगतो.

आणि फोन करू नकोस. तुझा फोन बिघडलाय. तोंडात पीठ धरून बोलल्यासारखी ऐकू येतेस. लहानपणी तुझी हाक दोन शेतं ओलांडून यायची, म्हणून तर टिटवी. पत्र लिही.

मामा

*

२४ जानेवारी

प्रिय मामा,

फोन नवा घेतलाय. बाकी सगळ्यांना मी स्पष्ट ऐकू येते. एवढंच लिहिते आणि पुढे जाते.

तुझा प्रश्न मी इथे जेवताना सगळ्यांसमोर मांडला. आमचे साहेब हसले आणि म्हणाले, "तुमच्या मामांना सांगा, पहिला माणूस आम्हालाही भेटायचाय." मग सगळे पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले. इथे असंच होतं. दिवसभर खड्ड्यात बसून ब्रशने माती झटकायची, आणि संध्याकाळी सगळे भांड्यात बघत जेवतात, जणू तिथेही काहीतरी सापडेल.

मला वाटतं पहिला असा कोणी नव्हताच. आमच्या खड्ड्यात सगळ्यात खाली शिकारीची हाडं आहेत. मोठ्या नरांची, जाडजूड. लोक डोंगरावर जायचे, मारायचे, खाली आणायचे. मग हळूहळू वर यावं तसं काहीतरी बदलतं. कधीतरी आई मारली गेली असेल आणि पिल्लू मागे मागे आलं असेल. त्या दिवशी पोटं भरलेली असतील. पिल्लाला कोणी मारलं नाही, एवढंच. कोणी ठरवून पाळलं नाही, मामा. भूक लागायला जरा उशीर झाला. आणि भूक लागेपर्यंत ते पिल्लू कोणाच्या तरी पायाशी झोपायला लागलं होतं.

परवा एक वीट मिळाली. भाजलेली नाही, नुसती उन्हात वाळवलेली. ओली असताना तिच्यावरून शेळी चालत गेली असणार, दोन खुरांचा ठसा स्वच्छ उमटलाय. आणि त्याच्या बाजूला माणसाची टाच. लहान टाच. जिची वीट होती ती धावली असेल शेळीला हाकलायला. किंवा नुसती बरोबर चालत असेल. मी खुराच्या ठशात माझा अंगठा ठेवून पाहिला. साहेब ओरडले. पण त्यात बसला तो.

तुझ्या पाहुणीने मला झोपू दिलं नाही. ती पट्टा चाटायला आली हे मला फार विचित्र वाटतं. जो गळ्यात पडायचा तोच. तुला नाही वाटत?

खोलीला पूर्वेला खिडकी आहे. खाली रस्ता नाही, गोंगाट नाही. मागच्या वेळी तुझ्याकडे आले तेव्हा मी फाटक वाजवून वाजवून शेवटी मागच्या दाराने आत आले, आठवतं? तू भट्टीपाशी बसला होतास आणि भट्टी बंद होती.

तुझी टिटवी

*

२ मार्च

प्रिय टिटवे,

भट्टी बंद असताना माणूस विचार करत असतो. विचार करताना फाटक ऐकू येत नाही. यात नवल काय?

बातमी अशी की पाहुणी एकटी नव्हती. तिच्या पोटात दुसरा पाहुणा होता. गेल्या आठवड्यात कोळशाच्या खोलीत व्याली. करडू नर आहे, काळं, चारी पाय चार दिशांना. जन्मल्या जन्मल्या त्याने माझ्या हातोडीचा दांडा चोखला. खाटीक बघायला आला. त्याने करडाची पाठ चाचपली, जशी तो सगळ्यांची चाचपतो, माझी सुद्धा. मग म्हणाला, "हे जरा वाढू दे." बघ, म्हणजे याचंही तेच. भूक पुढे ढकलायची. तुझ्या साहेबांना सांग, पहिला माणूस सापडला, माझ्या शेजारी राहतो.

मी दूध काढलं. हसू नकोस. करडाला तिच्या तोंडासमोर ठेवलं, पट्टा चाटायला दिला आणि हात घातला. तिने मान वळवून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी क्षमा मागितली. मोठ्याने. वाटीच्या तळाशी जेमतेम आलं, त्यात दोन केस. धुराचा आणि पाल्याचा वास. मी ते उभ्याउभ्या प्यायलो आणि खुर्चीत येऊन बसलो. झोप लागली की काय, ठाऊक नाही.

मला दिसलं की एक बाई बसलीय, विस्तवाच्या या बाजूला. उजेड जिथे संपतो तिथे शेळी उभी, अर्धी दिसते, अर्धी नाही. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. बघितलं तर एकीला उठावं लागेल आणि दुसरीला पळावं लागेल, हे दोघींना ठाऊक आहे. म्हणून दोघी विस्तवाकडे बघतात. आणि प्रत्येक वेळी मी बघतो तेव्हा शेळी एक पाऊल पुढे आलेली असते, पण चालताना कधी दिसत नाही. बाईच्या मांडीवर काहीतरी होतं. मूल असेल, करडू असेल. तिने ते दुसऱ्या बाजूला घेतलं, जागा करून दिल्यासारखं.

मग बाईने तोंड उघडलं आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. स्वप्नात सगळेच पुटपुटतात.

असो. हाकेला येते आता. मी फाटकात उभा राहून हाक मारतो आणि ती कुठे असेल तिथून लंगडत येते. पाऊस यायच्या कितीतरी आधी, लक्षात घे.

मामा

*

२० मार्च

प्रिय मामा,

हाक मारतोस तेव्हा तुझ्या हातात काय असतं?

तुझं स्वप्न मी वहीत उतरवून ठेवलं. आमच्या अहवालात असलं काही चालत नाही, पण अहवाल लिहिताना मला ती बाई दिसत राहते. काल मी तिच्या शेळीपर्यंत पोचले असेन.

आता मी ज्या थरात आहे तिथे जाडजूड नर संपलेत. त्यांच्या जागी लहान नरांची हाडं आहेत, जवळजवळ सगळी एकाच वयाची. वाढू दिले, आणि मग नाही. माद्यांची हाडं मात्र म्हाताऱ्या माद्यांची. त्यांना राहू दिलं. दुधासाठी, पिल्लांसाठी. हाडांचा ढीग पाहिला की हे कोणीही सांगेल: हे लोक शिकारी राहिले नव्हते. यांना उद्याची खात्री होती आणि ती खात्री कोवळ्या नरांच्या जिवावर होती. मी हे लिहिते तेव्हा मला तुझं काळं करडू दिसतं. मी मटण खाते, मामा, मला कोणाला शहाणपण शिकवायचं नाही. फक्त सांगते.

पण एक हाड मी वेगळ्या डबीत ठेवलंय. मागचा पाय, मादीचा. मोडलेला आणि वाकडा सांधलेला. हाड सांधायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस ती डोंगर चढू शकली नसती. लांडग्याला सोपी होती. म्हणजे कोणीतरी तिच्यापुढे चारा टाकला. दूध देत होती म्हणून असेल. सवय झाली होती म्हणून असेल. हाडावर तेवढं लिहिलेलं नसतं.

करडाचं काय करणार आहेस?

आणि तुझं काय करणार आहेस? कोळसा संपत आला असेल. खोलीला रंग दिलाय, पांढरा. तू इथे ये, माझी हाडं बघ, साहेबांशी भांड. इथून जवळच कानाचे डॉक्टर आहेत, तेही चांगले आहेत म्हणे. सहज लिहिलं.

तुझी टिटवी

*

१४ एप्रिल

प्रिय टिटवे,

हातात पट्टा असतो. मग? तुझ्या हातात जेवणाचं ताट असलं की तुम्ही सगळे साहेबांच्या हाकेला येता, त्याला काय म्हणायचं?

करडाचं उत्तर मी खाटकाला रोज देतो ते तुला देतो. आज नको. आजकाल तो नुसता भुवई उडवतो आणि मी नुसती मान हलवतो, तेवढ्यात आमचं बोलणं होतं. मला उलट बरं वाटतं, कारण तो हल्ली फार खालच्या आवाजात बोलतो. म्हातारा झाला. कानाचे डॉक्टर त्याच्या उपयोगाचे नाहीत, घशाचे शोध.

आता खरी गोष्ट. मी पाहुणीसाठी घंटा केली. कोणी मागितली म्हणून नाही, कितीतरी दिवसांनी अशीच. जुना पत्रा कापला, दुमडला, पितळेचे उरलेसुरले तुकडे भोवती लावले, वरून मातीचा लेप दिला आणि गोळा भट्टीत ढकलला. पितळ वितळून पत्र्याला कधी धरतं ते बघून कळत नाही. आतून एक आवाज येतो, पाणी उकळायच्या आधी येतो तसा. मी भट्टीला कान लावून बसलो. माती फोडली तर आत घंटा, सोन्यासारखी. काठावर हातोडीचा एक टोला इकडे, एक तिकडे, आणि आत लोळा टांगून हातात धरून एकदा वाजवली. टिटवे, काय सांगू! जरा खालच्या पट्टीतला, ओल्या मातीत पाऊल पडावं तसा आवाज. माझ्या हातून निघालेली सगळ्यात चांगली घंटा.

मग लोळा पुन्हा काढून घेतला. तुला ठाऊक आहे आपली पद्धत: आधी मुकी घंटा. नव्या जनावराच्या गळ्यात वजन आणि आवाज एकदम आला तर ते बिथरतं, कड्यावरून उडी घेतं. म्हणून घंटेतला आपटणारा लोळा काढायचा, नुसतं भांडं गळ्यात बांधायचं, वजनाची सवय होऊ द्यायची. मान खाली घालून निवांत चरायला लागली की लोळा टांगायचा. मी तो खिळ्यांच्या डबीत टाकलाय, हरवायला नको.

पट्टा बांधताना तिने मान पुढे केली. खरंच केली. मग पट्ट्याचं टोक चाटलं.

मामा

*

२८ एप्रिल

मामा,

तुझ्या खाटकाचा फोन आला होता. त्याचा आवाज अगदी खणखणीत आहे.

तो म्हणाला ट्रकवाल्याने तीनदा हॉर्न दिला. तो स्वतः दुकानाच्या दारातून ओरडला. तू रस्त्याच्या मधोमध चालत होतास आणि वळूनसुद्धा बघितलं नाहीस. ट्रक गटारात घातला म्हणून वाचलास, आरशाचा धक्का खांद्याला लागला. हे सगळं मला तू लिहिणार होतास का?

मला इथून सुट्टी मिळत नाही, खड्डा उघडा टाकता येत नाही. मी ऑगस्टमध्ये येते. तोवर तू घराबाहेर पडू नकोस. आणि मग माझ्याबरोबर चल. मी विनंती करत नाहीये.

टिटवी

*

१२ मे

प्रिय टिटवे,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. उजवा खांदा फडक्यात बांधलाय. खाटीक सकाळ-संध्याकाळ जेवण आणून देतो, आणि मी खाताना असा बघत बसतो की करडाला काय वाटत असेल याची मला कल्पना येते.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला नाही. दिला असता तर मी ऐकला असता. सरळ हिशोब आहे. खाटीक माझी बाजू घेईल असं वाटलं होतं, पण ट्रकवाल्याने त्याच्याकडून सुकं मटण नेलं, आता तो त्याचीच बाजू घेणार.

पाहुणी गेली. मी खाटेवर होतो, फाटकाची ती बिजागरी मोडकी, सकाळी उघडंच राहिलं. करडूही गेलं पाठोपाठ. खाटीक येऊन बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मी समजलो. त्याचाही ‘उद्या’ गेला होता.

पण ऐक. तू मला इथून हलवायचं म्हणतेस ना, मग हे ऐक. परवा संध्याकाळी खाट अंगणात ओढून घेतली होती. उन्हं डोंगरावरून मागे सरकत होती, कोणीतरी चादर ओढून घ्यावी तशी. धूर सरळ वर चाललेला. आणि त्या सगळ्या शांततेच्या मागून घंटा. माझी घंटा. खालच्या पट्टीतली, ओल्या मातीत पाऊल पडावं तशी. एकदा, मग बराच वेळ नाही, मग पुन्हा. ती चरत चरत चढत असणार. थांबली की मी थांबायचो, चालली की मी चालायचो. खाटेवर पडल्यापडल्या मी तिच्याबरोबर त्या वरच्या खडकापर्यंत गेलो. तिथे वारा होता. खाली माझं छप्पर दिसत होतं आणि अंगणात कोणीतरी झोपलेलं.

त्या दिवसापासून रोज ऐकतो. कधी पहाटे, कधी दिवे लागताना. खाटकाला विचारलं, तो म्हणतो काही नाही ऐकू येत. बघ, मी म्हणालो नव्हतो का, म्हातारा झाला?

तेव्हा आपण अट घालू. ज्या दिवशी पाहुणीची घंटा मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी माझ्या हाताने भट्टीला कुलूप लावीन आणि तुझ्या पांढऱ्या खोलीत येऊन बसेन. एक शब्दही काढणार नाही. पण तोवर नाही. ज्याला ऐकू येतं त्याने इथे राहायलाच हवं. नाहीतर ती वर कोणासाठी वाजवते?

मामा

*

६ सप्टेंबर

प्रिय मामा,

पोचले. तुझ्याकडून निघताना तुला घेऊन निघायचं ठरवून आले होते, आणि एकटीच परत आले, तुझ्या भट्टीतली राख केसांत घेऊन.

ती शेवटची संध्याकाळ डोळ्यांसमोरून जात नाही. आपण दोघं अंगणात, तू खुर्ची कलती करून भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले. डोंगर निळा होत चाललेला. तू बोट वर केलंस आणि म्हणालास, "ऐकलंस?" तुझा चेहरा किती तरुण दिसत होता, मामा. मी म्हणाले, हो. तू म्हणालास, "कसा आवाज आहे?" मी म्हणाले, सुंदर आहे, जरा खालच्या पट्टीतला. आणि तू हसलास आणि पुन्हा डोळे मिटलेस. त्यानंतर तुला चल म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अट ती अट. मी मान्य करते.

इथे त्या जुन्या वसाहतीचा शेळ्यांचा वाडगा मोकळा झाला. दगडांचं गोल कुंपण, आत लेंड्यांचे थर, पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखे झालेले. साहेब खूश आहेत, जनावरं कोंडत होते याचा पुरावा मिळाला. पण मी संध्याकाळी एकटी त्यात जाऊन उभी राहिले. कुंपण माझ्या गुडघ्याएवढं आहे. वरचे दगड पडले म्हणावं तर तसे दगड आजूबाजूला कुठेच नाहीत. ते होतंच तेवढं. कुठलीही शेळी ते एका उडीत ओलांडेल. तुझी लंगडी सुद्धा.

मग त्या आत का राहिल्या? बाहेर लांडगे होते म्हणून, आत मीठ होतं म्हणून. की रोज कोणीतरी हाक मारायचं आणि त्या येत होत्या, असं दोन्हीकडच्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं? कुंपण खरं तर दोघांच्या मनात असेल. त्या कुंपणात माणसंही आलीच. एकदा वाडगा बांधला की त्यांनाही डोंगर सोडून दूर कुठे जाता येईना.

खोलीचं दार मी उघडंच ठेवते, वारा खेळता राहावा म्हणून. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ. बघ म्हणते, ऐक म्हणत नाही.

तुझी टिटवी

*

१९ डिसेंबर

प्रिय टिटवे,

खोली झाडून ठेव. शुक्रवारी निघतो. हत्यारांची एकच पेटी आणतो, बाकी भट्टीसकट कुलपात. अट मी हरलो, आणि कबूल केल्याप्रमाणे एक शब्दही काढणार नव्हतो, पण पत्र म्हणजे बोलणं नव्हे.

परवा सकाळी धुकं होतं, गेल्या थंडीसारखंच. मी फाटकापाशी पाठ करून बिजागरी ठोकत होतो. हाताला काहीतरी ओलं, खरखरीत लागलं. दचकून हातोडी पायावर पडली. वळतो तर पाहुणी. लंगडत, जाडजूड होऊन, माझ्या मनगटावरचा घाम चाटत होती. मागे काळा बोकड, शिंगं चांगली बोटभर, मला ओळख न दाखवता कोबी शोधत होता.

आधी आनंद झाला. मग लक्षात आलं. गळ्यात घंटा असलेली शेळी डोंगर उतरून, रस्ता ओलांडून, थेट माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि मला कळलं नाही. मी खाली बसलो. तिने मान हलवली, घंटा माझ्या नाकासमोर हलली. काही नाही. मी पट्ट्याला धरून जोरात हलवली. काही नाही. टिटवे, त्या वेळी जगातला सगळा आवाज कोणीतरी गुंडाळून घेऊन गेल्यासारखं झालं. म्हटलं, संपलं. आता खाटकाचा घसा बरा आहे आणि तुझा फोनही बरा आहे, हे मान्य करावं लागणार.

खाटीक आला. मी त्याला विचारलं, वाजते का रे? त्याने माझ्याकडे बघितलं, घंटेकडे बघितलं, आणि माझ्या शेजारी मातीत बसला. मग त्याने माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी विचारलं, ते तुला पुढे सांगतो.

शेळी आणि बोकड त्याच्याकडे राहतील. त्याने स्वतःच त्यांना आपल्या अंगणात नेलं, मिठाचा खडा दाखवत दाखवत. मी म्हटलं, कापशील ना? तो पुन्हा कानाशी आला आणि इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या गल्लीत खिडकी उघडली. "आज नको!"

कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. घेतेच आहेस तर दोघांची घे. माझे तपासतील तेव्हा तुझेही तपासून घेऊ, कारण त्या संध्याकाळी आपण दोघांनी एकच आवाज ऐकला होता. सुंदर, जरा खालच्या पट्टीतला. तू तसं म्हणालीस म्हणून मी सगळी थंडी इथे काढायला निघालो होतो. रागावलो नाही. माझ्या स्वप्नातल्या त्या बाईनेही मांडीवरचं ओझं असंच सरकवलं होतं, जागा व्हावी म्हणून.

खाटकाने विचारलं होतं ते असं: "आत बोट घालून बघितलंस का?"

मी घातलं. घंटेत लोळा नाही. तो एप्रिलपासून खिळ्यांच्या डबीत आहे.

मामा